समाचाराला आलेली माणसं

माझ्या आजीला सन-तारखा ठाऊक नव्हत्या. तिनं काळ आजारांवरून मोजला. तिच्या आईचा जन्म पलेगच्या आधीचा, तिचा स्वतःचा मानमोडीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, आणि माझे वडील रांगायला लागले ते ‘आबा वाडीला होते तवा’. आबा म्हणजे माझे आजोबा, आणि वाडी म्हणजे वानलेसवाडी, सांगली-मिरजेच्या मधलं क्षयाचं रुग्णालय. पुढे वाचनात सनावळ्या आल्या तेव्हा मी त्या तिच्या गोष्टींशेजारी लिहून ठेवल्या. बहुतेक जुळल्या. मात्र पुस्तकं जिथे थांबून आकडे देतात, तिथे आजी भरभर पुढे जायची. किती माणसं गेली हे ती एका दमात उरकायची. कोण कुणापाशी बसलं होतं, कुणी रात्र काढली, कुणाच्या घरची भाकरी आली, हे मात्र नावानिशी, जागेनिशी सांगायची, आणि त्यात चूक झाली तर मागे येऊन दुरुस्त करायची.

पलेगची गोष्ट तिला तिच्या आईकडून आलेली. माझी पणजी तेव्हा परकर नेसणारी पोर होती. भर दुपारी आढ्यावरून एक उंदीर खाली पडला, जमिनीवर झोकांड्या खात फिरला आणि मेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात दोन. “उंदरं पडली म्हंजे गाव उठायचं,” आजी सांगायची. दवंडीची वाट कुणी बघितली नाही. चार-दोन दिवसांत सगळं गाव ओढ्यापलीकडच्या माळावर गेलं आणि कडब्याच्या पेंढ्यांच्या खोपी करून राहिलं. मागे कुत्री आणि देव तेवढे राहिले.

मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. उंदीर मेला की पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, म्हणून उंदीर पडल्यावर घर सोडणं हाच खरा उपाय होता. माळावर गेलेल्या माझ्या पणजीच्या गावाला पिसवेचं काही माहीत नव्हतं. पण त्यांनी केलं ते बरोबर होतं, हे वाचलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या माणसांचा फार अभिमान वाटला.

माळावर काय काय नेलं, याची यादी आजीला पाठ होती. तवा, परात, पाण्याची घागर, बी-बियाणाचं गाठोडं, आणि जातं. जात्याच्या दोन्ही तळ्या पणजीच्या आईनं गाडीत घालायला लावल्या. बैल थकलेले, वाट खडकाळ, पुरुष माणसं वैतागली. पण ती बाई ऐकेना. शेवटी बऱ्याच घरांनी आपापली जाती नेली. खोपी एकमेकींपासून लांब घातलेल्या, इकडची तिकडे जात नव्हती, आणि ताप आलेल्या खोपीत तर कुणी पाऊल ठेवायचं नाही असं ठरलेलं. पहाटे अंधारात मात्र सगळ्या माळावर जात्यांची घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर बायकांचे आवाज. उघड्यावर आवाज लांबवर जातो. पणजी अंथरुणात पडल्यापडल्या मोजायची: ही अमक्याची, ही तमक्याची, ही कोपऱ्यातली. एखाद्या पहाटे एक जातं मुकं राहिलं, की सगळ्यांना कळायचं. मग उजाडल्यावर कुणीतरी त्या खोपीपाशी जाऊन लांबूनच हाक मारायचं. आतून उत्तर आलं तर पाणी आणि कण्या दारात ठेवायच्या. उत्तर आलं नाही तर पुरुषांना बोलवायचं.

“आत जात न्हवती कुनी,” आजी सांगायची, “पर बाहीर बसायची. आतल्याला आवाज यावा म्हणून काहीबाही बोलत ऱ्हायाची.” पणजीचा धाकटा भाऊ काखेत गाठ येऊन तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या खोपीबाहेर त्याची आत्या तिन्ही दिवस बसून होती. कधी ओव्या म्हणायची, कधी नुसती त्याच्या म्हशीची हकिकत सांगायची: आज तिनं किती दूध दिलं, कशी दावं तोडून पळाली. पोराला म्हशीचा फार लळा होता. आजीनं ही गोष्ट मला कितीदा सांगितली असेल. त्यात मृत्यूचं वर्णन कधीच नव्हतं. म्हैस मात्र प्रत्येक वेळी होती.

जात्यावरच्या ओव्या हा आपल्याकडच्या बायकांच्या दुःखाचा केवढा मोठा साठा आहे, हे मला खूप उशिरा कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि गेलेली माणसं आहेत. दळताना बाई एकटी नसायची. समोर दुसरी बसायची, खुंट्यावर दोघींचे हात असायचे. जे तोंडावर बोलता येत नाही ते दळणात म्हणता यायचं, आणि समोरचीनं ते ऐकलं तरी न ऐकल्यासारखं ठेवायची मुभा होती.

पणजीच्या नात्यातलं एक घर तेव्हा पुण्यात होतं. त्यांची गोष्ट आजी आवाज खाली आणून सांगायची. त्या घरात माणूस गेलं आणि कुणी मोठ्यानं रडलं नाही. रडणं ऐकू गेलं तर गोरे शिपाई येतील, घर रिकामं करतील, उरलेल्यांना छावणीत नेतील. १८९७ च्या मार्चपासून पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या हाताखाली सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणात हलवलं, सामान बाहेर काढून जाळलं. त्यासाठी ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा हाताशी होता. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि काही दिवसांनी तो मेला, हे आपण शाळेत शिकतो. त्या घरातल्या बायकांनी पदराचा बोळा तोंडात कोंबून जी रात्र काढली ती शाळेत कुणी शिकवत नाही. सरकारला रोग पसरू द्यायचा नव्हता, हे समजतं. पण आजारी माणसाला त्याच्या माणसांपासून तोडल्यावर लोक आजारच लपवू लागले, आणि रोग अधिक पसरला.

त्याच मार्चमध्ये पुण्याबाहेर हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी सांभाळत होत्या. दवाखाना त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांचा. मुंढव्याच्या दलित वस्तीतला गायकवाडांचा मुलगा आजारी आहे कळल्यावर त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन आल्या. वय ६६. त्याच आजारानं १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आजीला सावित्रीबाई ठाऊक नव्हत्या, मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “पाठीवर? म्हंजे पोराचं तोंड तिच्या मानंला लागलं आसंल की.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

मिरजेतही प्लेगची एक गोष्ट सांगतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगनं आजारी होते, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि उठून बसले. तिथे उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यात वैद्यकीय सत्य किती हे शोधण्यात मला रस नाही. मिरजेच्या माणसांनी ती गोष्ट शंभरावर वर्षं जपली, तेवढं मला पुरतं.

मानमोडी, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा, आजी एका वाक्यात सांगायची: “त्यात बसाय कुनी उरलंच न्हाई.” हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं त्या साथीनं नेली, तीही मुख्यतः पावसाळा संपतानाच्या थोड्या आठवड्यांत, आणि त्यात तरणीताठी फार. घरातली सगळीच माणसं एकदम अंथरुणाला खिळली. पाणी द्यायला कुणी उभं नव्हतं. या साथीच्या गोष्टी आमच्या घरात जवळजवळ नाहीतच. ज्यांनी सांगायच्या, तेच राहिले नसावेत.

आबांची गोष्ट मात्र आजीची स्वतःची होती आणि ती तिनं कधी भरभर सांगितली नाही.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आबांना खोकल्यातून रक्त पडलं. त्या काळी आमच्याकडे क्षयाचं नाव घेत नसत. ‘छातीचा आजार’ म्हणत, आणि म्हणताना दाराकडे बघत. मिरजेचा मिशन दवाखाना तोवर दक्षिण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत होता. विल्यम वानलेस हे डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं, आणि क्षयरोग्यांसाठीची वेगळी जागा पुढे त्यांच्याच नावाच्या वाडीत झाली. कोरडी हवा, मोकळा माळ, लांब व्हरांडे. आबांना तिथे ठेवलं. आजीच्या पदरी थोरली मुलगी आणि माझे वडील, म्हणजे कडेवरचं मूल.

रुग्णालयातला दिवस विश्रांतीनं भरलेला. सकाळी ताप, संध्याकाळी ताप, दूध, अंडं, झाकणाचं थुंकीपात्र. काहींना छातीत सुई घालून हवा भरत, म्हणजे ते फुप्फुस मिटून राहावं आणि जखम भरावी. स्ट्रेप्टोमायसिन नवं होतं. १९४३ साली अमेरिकेत सापडलेलं हे औषध एकटं दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होत, म्हणून जोडीला पी.ए.एस. दिवसाला कित्येक ग्रॅम, तोंड आणि पोट दोन्ही बिघडवणारं. इंजेक्शनांसाठी ओढ्याकाठची दोन एकर गेली. १९५२ नंतर आयसोनियाझिड आलं आणि ते स्वस्त होतं. आबांचं दैव असं की ते त्या सुमारास तिथे होते.

आजी आठवड्याच्या बाजाराच्या गाडीनं मिरजेपर्यंत यायची आणि पुढे चालत. पहिल्याच खेपेला सिस्टरनं बजावलं, रोग्याशी बोलायचं नाही. बोललं की छाती हलते. नवऱ्याला भेटायला एवढ्या लांबून यायचं आणि बोलायचं नाही! आजी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. आबा खाटेवर, मान तिच्याकडे वळवलेली. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिनं ओट्यातल्या शेंगा काढल्या आणि फोडायला लागली. टरफलं एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला. आबा बघत राहिले. तासाभरानं घंटा झाली, ती दाणे सिस्टरकडे देऊन निघाली. पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम जास्त शेंगा आणल्या. नंतर कधी वाल निवडायला घेऊन यायची, कधी फाटलेली वाकळ शिवायला. शेजारच्या खाटेवरच्या एका शिक्षकाकडे कुणी येत नसे, तो विचारी, “बाई, पुढच्या वेळी काय आणणार?” तिनं एकदा त्याच्यासाठी म्हणून गव्हाच्या शेवया वळायला पीठ मळून आणलं होतं. सिस्टरनं ते पायरीवर करू दिलं नाही. ही गोष्ट सांगताना आजीला पन्नास वर्षांनीही राग यायचा.

“मला वाटायचं, मी नुसती बसून काय करतीया,” ती म्हणायची. “तर ह्येनी नंतर सांगितलं, तू येनार त्या दिवशी माझा ताप चढत न्हवता.” तापाचा तक्ता कुणी जपून ठेवलेला नाही. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवते.

आबा बरे होऊन आले. गावात मात्र त्यांच्या ओसरीवर कुणी टेकेना. चहाची कपबशी वेगळी, विडी कुणी त्यांच्या हातची घेईना. समाचाराला म्हणून पहिली आली ती गावातली सुईण. ती ओसरीवर थांबलीच नाही, सरळ माजघरात येऊन आबांच्या अंथरुणाच्या कडेला बसली आणि पाणी मागितलं. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

आबा घरी परतले त्याच दशकात मद्रासला एक अभ्यास सुरू झाला, जो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. १९५६ साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचं केंद्र निघालं. शहरातल्या गरीब, दाटीच्या वस्त्यांतल्या रोग्यांचे दोन गट केले. एक गट रुग्णालयात: चांगलं जेवण, विश्रांती, देखरेख. दुसरा आपल्या एका खोलीच्या घरात, अर्धपोटी, कामाधामात, लेकराबाळांत. औषधं दोघांना तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि सगळ्यांना ज्याची भीती होती ते झालं नाही. घरच्या माणसांना रुग्णालयातल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. औषध सुरू झालं की रोग्यापासूनचा धोका झपाट्यानं कमी होतो, धोका असतो तो मुख्यतः निदानाच्या आधीचा. क्षयाच्या रोग्याला घरातून उचलून लांब ठेवायलाच हवं, या समजाचा पाया तिथे ढासळला. त्या अभ्यासात घरच्या रोग्यांकडे आरोग्यसेविका जात, गोळ्या खरंच घेतल्या का बघत. दर वेळी दार वाजवून कुणीतरी आत येत होतं, ही गोष्ट मी औषधाइतकीच महत्त्वाची मानते.

आबा त्यानंतर वीसेक वर्षं जगले आणि दुसऱ्याच कारणानं गेले. मी लहान होते, पण ते दिवस मला लख्ख आठवतात. घरात चूल पेटली नाही. कडू घास भावकीतून आला, नंतर रोज वेगळ्या घरची भाकरी-भाजी. बायका यायच्या, आजीच्या गळ्यात पडून रडायच्या, आणि मग बसायच्या. बसल्यावर त्या आबांविषयी फारसं बोलतही नव्हत्या. कांद्याचा भाव, कुणाची गाय व्याली, कुठल्या विहिरीला पाणी राहिलं. आजी मध्येच हुंदका द्यायची, कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवायचं, आणि कांद्याचा भाव पुढे चालू राहायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी एका म्हातारीनं आबांनी तरुणपणी बैल हरवला त्याची गोष्ट सांगितली आणि आजी हसली. मोठ्यानं. मला भीती वाटली, आता कुणी रागावेल. कुणी रागावलं नाही.

त्याच बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, हेही मी पाहिलं. जी माणसं दहा दिवस तिला उचलून धरत होती, तीच तिला अशुभ ठरवत होती. पुढे नातवंडांच्या लग्नात ती मागच्या खोलीत बसायची. आपल्या चालीरीतींचं कौतुक करताना हे विसरलेलं मला चालत नाही. दुखवट्यात सोबत देणारा समाज आणि विधवेला कोपऱ्यात ढकलणारा समाज एकच होता, आणि त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपल्यालाच ठरवायचं होतं.

ते ठरवायला फार वर्षं गेली. मध्ये कोरोना आला. मार्च २०२० मध्ये राज्यानं निर्बंध लावले ते त्याच १८९७ च्या कायद्याखाली. एप्रिल २०२१ मध्ये माझे काका रुग्णालयात गेले आणि परत आले नाहीत. काकू घरात विलगीकरणात. अंत्यसंस्कार व्हॉट्सॲपवर. शेजाऱ्यांनी डबे फाटकाला अडकवले, फोन सतत वाजत होते, सगळे रडवेल्या आवाजात तेच तेच बोलत होते. काकू मात्र कोरडी. “मला काही वाटतच नाही गं,” ती फोनवर म्हणायची, “ते अजून ॲडमिटच आहेत असं वाटतं.” पदराचा बोळा तोंडात कोंबलेल्या त्या पुण्यातल्या बायका मला तेव्हा फार जवळच्या वाटल्या.

त्या साली दिवाळी झाल्यावर गावाकडची एक थकलेली चुलत सासू काठी टेकत काकूकडे आली. सात महिने झाले होते. समाचाराची वेळ कधीच टळून गेलेली. ती पाटावर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, “घरातनं निगताना काय खाल्लं हुतं त्यानं?” हा प्रश्न काकूला कुणीच विचारला नव्हता. ऑक्सिजन किती होता, कुठलं इंजेक्शन दिलं, बिल किती झालं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काकू सांगायला लागली: मऊ भात, त्यावर तूप, त्यांनी दोन घास खाल्ले आणि लोणचं मागितलं, मी म्हटलं घसा धरेल, दिलं नाही. आणि लोणच्यापाशी येऊन ती फुटली. म्हातारी हलली नाही. मध्येच “हां” म्हणत राहिली. मी तिथेच होते. चहा ठेवायला उठावं असं वाटलं, पण उठले नाही.

मे २०२२ मध्ये आमच्याकडून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. कोरोनानं गावोगाव तरुण विधवा झाल्या होत्या, त्याचं ओझं त्या ठरावामागे होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. काकूनं बातमी कापून फ्रिजवर लावली. संक्रांतीला चुलत सासूनं तिला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर हळदीकुंकू लावलं. दोघी-तिघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

आता समाचाराला जाण्याचं काम आमच्या घरात काकूकडे आहे. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं गेलेलं माणूस, कुणाची कंपनी बंद पडून घरी बसलेला मुलगा, ती जाते. गेल्या महिन्यात नृसिंहवाडीच्या बाजूला एका ओळखीच्या घरी तिशीतल्या सुनेचा नवरा गेला. काकू सकाळच्या एसटीनं गेली, पिशवीत हिरव्या बांगड्यांचा डझन आणि कुंकवाचा करंडा घेऊन. संध्याकाळी मी फोन केला, घ्यायला येऊ का विचारायला. मागून लहान मुलाचं रडणं आणि भांड्यांचा आवाज येत होता. “नको येऊस,” ती म्हणाली, “बांगड्यांचं अजून काढलंच नाही. सासू जरा कडक आहे. मी दोन दिवस राहते इथे, भाकऱ्या थापायला कुणीतरी हवंच आहे.”